भीतीवर घातलेले थेंब

एकदा एका तालुक्याच्या गावी डोळे येण्याची साथ पसरली. तिथल्या वृद्ध बालरोगतज्ज्ञांकडे इरावती नावाची तरुण डॉक्टर शिकत होती. एका सकाळी कापडाचे एक व्यापारी मुलाला कडेवर घेऊन आले. मुलाचे डोळे लाल, त्यांतून सारखे पाणी, नाकही गळत होते.

"डॉक्टर, लहानपणी माझ्या भावाचा डोळा गेला," व्यापारी रडत म्हणाले. "याला चांगले अँटिबायोटिकचे थेंब द्या."

वृद्ध डॉक्टरांनी मुलाचे डोळे तपासले. दुखतंय का, उजेड सोसतो का, नीट दिसतं का, हे मुलालाच विचारले. मग थेंब न लिहिता त्यांनी व्यापाऱ्यांना जवळ बसवले आणि भावाची सगळी हकिकत ऐकून घेतली. उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा कसा पुसायचा, ते स्वतः करून दाखवले. "दुखू लागलं, उजेड सोसेना किंवा घट्ट पू आला, तर लगेच या. एरवीही परवा दाखवून जा."

इरावतीला वाईट वाटले. एक बाटली दिली असती, तर बिचाऱ्यांचा जीव शांत झाला असता!

इतक्यात एक आजी नातीचा खोकला दाखवायला आल्या. मांडीवर अवघ्या काही दिवसांचा नातू. "याचं काही नाही हो, पापण्या जरा चिकटतात."

वृद्ध डॉक्टरांनी बाळाची पापणी हलकेच उघडली. आत पू होता. ते ताडकन उठले. "आजी, याला आत्ताच जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यायचं. आईलाही सोबत घ्या." बाळाला त्यांनी स्वतः गाडीपर्यंत नेले.

इरावतीला राहवेना. "सर, जे रडत आले त्यांना काहीच दिलं नाहीत. ज्यांना काळजीच नव्हती, त्यांच्यासाठी मात्र धावलात!"

"त्या मुलाला सर्दीच्या विषाणूने डोळे आलेत. तिथे अँटिबायोटिक निरुपयोगी. पुसूनही दिवसभर घट्ट पिवळा पू येत असता, तर थेंब दिले असते. तान्ह्या बाळाचं मात्र वेगळं. जन्मताना आईकडून आलेला जंतू असेल, तर दृष्टीही जाऊ शकते. तिथे नुसते थेंबही पुरत नाहीत."

"पण त्या वडिलांची भीती?"

"खरी होती. म्हणून तर इतका वेळ बसलो. भीतीवर थेंब घातले, तर भीती तशीच राहते आणि जंतू सरावून औषध मात्र बोथट होत जातं. उद्या कुणाला त्याची खरी गरज पडेल, इरावती."

तान्ह्याचे डोळे वाचले. व्यापाऱ्यांचा मुलगाही थेंबांवाचून बरा झाला.

पुढे एक घाबरलेली आई मुलीला घेऊन आली. इरावतीने डोळे नीट तपासले. नुसते पाणीच होते. कागदाकडे गेलेला हात तिने मागे घेतला.

"बसा ताई," ती म्हणाली. "तुम्हाला भीती कशाची वाटते, ते आधी सांगा."