चांगूने धरलेला दोर

आमच्या आज्याच्या आज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. सह्याद्रीच्या ऐन पोटात, आग्याच्या कड्याखाली, ठाकरांची एक वाडी होती. करपाची वाडी. त्या वाडीत चांगू नावाचा एक गडी होता, आणि तो भित्रा होता. हो, आधीच सांगून टाकतो! ज्याच्या नावानं आज सारं खोरं हात जोडतं, तो चांगू पान हललं तरी दचकायचा. वीज कडाडली की आईच्या लुगड्यामागं लपायचा, आणि आई गेल्यावर बहिणीच्या. असं म्हणतात, की एकदा स्वतःचीच सावली बघून तो करवंदीच्या जाळीत शिरला, आणि त्याला बाहेर काढायला निम्मी वाडी लागली.

पण एक काम चांगूवाचून होत नसे. दोर धरायचं.

कसला दोर, ते ऐका. आग्याच्या कड्याला सुपाएवढाली आग्यामोहोळं लटकतात. मध काढणारा गडी हातात धुराची चूड घेऊन दोरानं खाली उतरतो, आणि वर एक जण तो दोर कमरेला गुंडाळून पाय रोवतो. हा वरचा माणूस कोण असावा? सख्खा भाऊ? छे! भावाभावांत बांधावरून डोकी फुटतात. दोस्त? दोस्ताचा काय भरवसा! आमची रीत अशी, की दोर बायकोच्या भावानंच धरायचा. खाली नुसता माणूस लोंबत नसतो हो, आपल्या बहिणीचं कुंकू लोंबत असतं. मग तो हात सोडेल का?

चांगूची बहीण सोमी पदूला दिलेली. पदू म्हणजे कड्यावरचं वानरच. तो खाली मोहोळाशी झटायचा, आणि वर चांगू लटलटा कापत दोर धरून असायचा. ती थरथर दोरातून खाली पोचायची. पदू खालून हसायचा, "भितोय म्हंजी जागा हाय!"

अशात साहेबाची मोठी लढाई लागली, सात समुद्रांपलीकडं. भरतीवाले डोंगरातही आले. पदूला मुलूख बघायची भारी हौस, त्यानं नाव दिलं. सोमी चुलीपुढं बसून रडायला लागली. तर चांगू पुढं झाला.

"रडू नको, बाय. मी जातो संगं."

सारी वाडी खो खो हसली. "तू? आरं, तिथं तोफा असत्यात!"

"आसू दे," चांगू म्हणाला. "दाजी तिकडं कुठं कड्यावर चढला, तर दोर कोन धरील?"

सोमीनं डोळे पुसले. भावाचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "मपलं कुंकू तुपल्या हातात हाय, चांगू."

पळसाच्या मुळ्यांचा वाख काढून वळलेला तो दोर पदूनं पडशीत घातला. पलटणीच्या सुभेदारानं तो बघितला आणि पोट धरून हसला, "लढाईला निघालाय का मध काढायला?"

पलटणीत डोंगरातले नाना तऱ्हेचे गडी. एक शीघ्रकोपी, एक गाणारा, एक म्हातारा हिरव्या देवाचं नाव घेतल्याशिवाय गोळी न झाडणारा. आणि चेष्टेला आपला चांगू! पहिली तोफ धडाडली तसा तो खेचराच्या पोटाखाली घुसला, खेचरानं लाथ घातली, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'खेचराखालचा'.

आणि मग तो डोंगर आला. उघडाबोडका, झाड नाही, सावली नाही. पलटण माथ्यावर अडकली. खाली दरीत झरा खळखळत होता, नुसता ऐकू यायचा! पण झऱ्याची वाट शत्रूनं रोखलेली. जखमी माणसं दगड चाटायला लागली. तोफेनं मरत नव्हती ती तहानेनं मरायला लागली. उरली एकच बाजू, सरळसोट तुटलेला कडा.

पदूनं कड्यावरून खाली बघितलं, आणि त्याचे डोळे चमकले. "हे तर मपल्या आग्यासारखंच हाय!" त्यानं पडशीतून दोर काढला. आता कुणी हसलं नाही.

सुभेदारानं दोर धरायला दांडगे दांडगे गडी पुढं बोलावले. पदू हटून बसला. "मपला दोर मपला मेव्हणाच धरील. दुसऱ्या कुनाच्या हाती जीव देनार न्हाई."

"अरे, तो खेचराखालचा?" सुभेदार कपाळाला हात लावून ओरडला.

"तोच."

कड्याच्या ओठावर एकाच माणसापुरती जागा होती, आणि ती समोरच्या टेकडीवरच्या बंदुकांना सताड उघडी. बसून धरावा तर दोर खडकाच्या धारदार कडेवर घासून तुटणार. उभंच राहायला हवं होतं. चांगूनं पाठ खडकाला लावली, टाचा भेगेत रोवल्या, दोर कमरेला गुंडाळला. त्याचे दात वाजताना साऱ्या पलटणीला ऐकू येत होते!

पाठीला रिकामी पखाल बांधून पदू सरसर उतरला. झऱ्यावर पखाल भरली, आणि खडकाआडच्या गड्यांनी ती खेचरांचे कासरे जोडून केलेल्या दुसऱ्या दोरानं वर ओढली. पाणी आलं! पाणी! जखमींच्या ओठांना पाणी लागलं, लोक रडले, हसले, एकमेकांच्या गळ्यात पडले. दुसरी पखाल आली, तिसरी आली. तेवढ्यात समोरच्या टेकडीला चाहूल लागली, आणि गोळ्या सुरू झाल्या.

"बस खाली, चांगू!" सारे ओरडले.

"दाजी खाली हाय," चांगू म्हणाला. त्याचं सारं अंग कापत होतं, पण दोर तसूभर सरकला नाही.

पदू वर यायला निघाला. हाताखालच्या दोरात ओळखीची थरथर होती. भितोय म्हंजी जागा हाय, तो मनात म्हणाला, आणि चढत राहिला. निम्म्या कड्यात आला, आणि थरथर थांबली.

पदूला कळलं. आता दोर सुटणार, म्हणून त्यानं डोळे मिटले. पण दोर ताठ! असं म्हणतात, की उरलेला कडा पदू दोरानं चढलाच नाही, दोरच त्याला वर घेत गेला.

वर पोचला तर चांगू तसाच उभा. डोळे उघडे, सदरा रक्तानं भिजलेला, प्राण कधीच गेलेला. दांडग्या गड्यांनी बोटं सोडवायचा जीव तोडून यत्न केला, एक बोट हललं नाही. मग पदू त्याच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "सोड रं चांगू. आलो मी."

असं म्हणतात, की तेव्हा मूठ उघडली. सुभेदारानं डोक्यावरचा फेटा काढून चांगूच्या पायाशी ठेवला.

लढाई सरली. पदू दोर घेऊन वाडीत आला. सोमीनं त्याला बघितलं, मागं दुसरं कुणी नाही हे बघितलं, आणि दोर उराशी धरून अशी रडली की आग्याच्या कड्यावरची मोहोळं उठली म्हणतात. मग तिनं कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आणि दोराला लावलं.

तो दोर कधीच झिजून गेला. पण आजही आमच्याकडं मध काढणारा कड्यावरून उतरताना हाक देतो, "चांगू, धरलाय का?" वरच्या माणसाचं नाव काहीही असो, तो म्हणतो, "धरलाय, दाजी!" आणि खालचा वर येऊन "सोड, आलो मी," म्हणत नाही तोवर कुणी हात ढिला करत नाही. मधाचा पहिला तुकडा कड्याच्या ओठावर ठेवतात. लग्नात नवऱ्याच्या शेल्याला दोराचं एक टोक बांधतात, आणि दुसरं नवरीच्या भावाच्या हाती देतात.

आणि वाडीत एखादं पोर वीज कडाडल्यावर आईच्या लुगड्यामागं लपलं, तर त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. म्हातारी माणसं त्याला जवळ ओढतात, त्याचे कापरे हात आपल्या हातात घेतात आणि म्हणतात, "काप हो बाळा, खुशाल काप. सोडू तेवढं नको."