उद्याचं उत्तर

कुठल्या राजाच्या राज्यात, ते मला विचारू नका. गोष्ट फार जुनी आहे, इतकी की त्या राजाचं नाव आता त्याच्या वंशजांनाही आठवायचं नाही. लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर नीट कान देऊन ऐका, कारण ही चूक लहान मुलं करत नाहीत.

एका नदीच्या काठी एक विद्यापीठ होतं. तिथे फक्त तत्त्वज्ञान शिकवत. जग खरं की भास, आत्मा आहे की नाही, सुख म्हणजे नेमकं काय, सकाळपासून हाच उद्योग! पोरांना अजून धड मिसरूड फुटलेलं नसे, पण बोलणं असं की म्हाताऱ्यांनी तोंडात बोटं घालावीत.

तिथली एक रीत होती. कोणी एखादं मत मांडलं, की ते खोडायची घाई करायची नाही. आधी समोरच्याचीच बाजू घ्यायची आणि त्याला स्वतःलाही जमली नसती इतक्या ताकदीनं मांडायची. याला म्हणत पूर्वपक्ष. पूर्वपक्ष झाला की त्या दिवशी पुढे बोलायचं नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी. "प्रश्न जरा मुरू द्या," असं आचार्य म्हणत. रीत चांगली होती बरं का! उगाच नावं ठेवणार नाही मी. त्या रीतीनं कितीतरी उथळ पोरं शहाणी झाली होती.

पण रीतीबरोबर एक खोडही लागली होती. तिथे कोणी साधं बोलतच नसे. सोमिल नावाचा एक मुलगा होता. नवा आला तेव्हा तो एकदा जेवताना म्हणाला, "मला घरची आठवण येते." झालं! "घर म्हणजे काय? भिंती की माणसं?" "आठवण येते म्हणजे कुठून येते?" सगळ्या पंगतीला चेव चढला. ताटं वाळली तरी वाद संपेना. कोणी दुष्टपणानं करत नव्हतं हो, त्यांना त्यात खरंच गंमत वाटत होती. सोमिल हसला, पण पुन्हा कधी तसं बोलला नाही. काही सांगायचं असलं की तोही इतरांसारखा मुद्दा करून सांगू लागला.

सोमिलला बाप नव्हता. होती ती फक्त आई. सुट्टीत घरी गेला की ती जोंधळे निवडत बसे आणि म्हणे, "हं, सांग आता, यंदा काय शिकलास?" तो सांगे. तिला निम्मं कळत नसे, तरी ती मधेच सुपातला हात थांबवून म्हणे, "असं होय!" त्या दोन शब्दांसाठी पोरगा वर्षभर घोकत असे. खरं सांगायचं तर तो आचार्यांसाठी शिकत नव्हता, तिच्यासाठी शिकत होता.

एके दिवशी सकाळी त्याच्या गावचा कासार बांगड्यांची पेटी घेऊन त्या वाटेनं आला. त्यानं सोमिलला फाटकाबाहेर बोलावलं आणि सांगितलं, "बाळा, मन घट्ट कर. तुझी आई गेली. तापानं गेली. गावानं सगळं केलं, तुला कळवायला वेळच मिळाला नाही." कासार त्याच्या पाठीवरून हात फिरवत थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "पुढच्या गावाला जाऊन येतो. उद्या इथूनच परत जाईन, तेव्हा तुला घरी घेऊन जातो." आणि तो गेला.

सोमिल आत आला. कोणाला सांगणार? कसं सांगणार? त्याचा एक जिवलग मित्र होता, मृगांक. दोघं एकाच खोलीत राहत, एकाच पोथीवरून वाचत. सबंध विद्यापीठात पूर्वपक्ष मांडावा तर मृगांकानंच. दुपारी तो पिंपळाच्या पारावर बसला होता. सोमिल त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"मृगांका," तो म्हणाला, "माणसानं जगावं याला काही कारण नाही, असं कोणी म्हटलं तर?"

मृगांकाचे डोळे चमकले. "वा रे पठ्ठ्या! आज काय मुद्दा आणलास! बस, बस."

अरे गाढवा, त्याचं तोंड तरी बघ! सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नाही, ओठ पांढरे पडलेत, ते बघ. पण मृगांकाला मुद्दा दिसला होता, आणि मुद्दा दिसला की त्याला दुसरं काही दिसत नसे.

त्यानं मांडी ठोकली आणि पूर्वपक्ष सुरू केला. हळूहळू बाकीची पोरं जमली. आचार्यही येऊन मागे उभे राहिले. मृगांक रंगात आला. कीर्ती म्हणाल तर ती विसरली जाते, म्हणाला. विद्या म्हणाल तर ती माणसाबरोबर जळते. "राहता राहिली माया," तो म्हणाला, "आणि माया खरी म्हणाल तर एकट्या आईची. पण आई काय जन्माला पुरते? ती गेली की घर म्हणजे नुसत्या भिंती, आणि आपण म्हणजे कोणाचेच कोणी नाही."

"शाबास!" आचार्य म्हणाले. पोरांनी माना डोलावल्या. सोमिल तेवढा हलला नाही.

सगळे पांगल्यावर त्यानं विचारलं, "याला उत्तर आहे?"

"आहे की! चोख आहे," मृगांक म्हणाला. "पण उद्या."

"आज नाही सांगणार? थोडंसं?"

मृगांक हसला. त्यानं मित्राच्या खांद्यावर थाप मारली. "भलताच हावरा आहेस! रीत म्हणजे रीत. सकाळी असं उत्तर देतो की बघत राहशील."

"बरं," सोमिल म्हणाला.

मृगांक त्या दिवशी पोथ्यांच्या दालनातून उठलाच नाही. उत्तर घासूनपुसून लख्ख केलं. पोथ्या उशाशी घेऊन तिथेच झोपला आणि उजाडताच खोलीवर धावत आला. सोमिलचं अंथरूण घडी घातलेलं होतं. त्याला वाटलं, आंघोळीला गेला असेल. उत्तर मनात घोळवतच तो नदीवर गेला.

सोमिल नदीवर होता. खालच्या वळणावर कोळ्यांनी त्याला पाण्यातून काढून वाळूवर ठेवलं होतं.

बघता बघता सगळं विद्यापीठ तिथे जमलं. तेवढ्यात कासार परत आला. त्यानं पेटी टाकली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे, काल तर याला आईची बातमी देऊन गेलो! यानं तुम्हाला कोणाला सांगितलं नाही?"

बोलण्यात ज्यांचा हात कोणी धरू शकत नसे, ते सगळे वाळूत खाली बघत उभे राहिले.

"सांगितलं होतं," मृगांक म्हणाला. "मला सांगितलं होतं. मी त्याचा वाद केला."

मग तो मित्राच्या उशाशी बसला आणि त्यानं उत्तर द्यायला सुरुवात केली. काल जे मुद्दे मांडले होते, ते एकेक करून खोडू लागला. आई गेली तरी तिनं लावलेली माया आपल्या हातून दुसऱ्याला मिळते, म्हणाला. कोणाचेच कोणी नाही असं कसं, मी आहे ना, म्हणाला. उत्तर खरोखर चोख होतं. त्यात एकही दोष नव्हता. ते ऐकून कोळ्यांच्या बायका रडल्या, आणि सोमिल तसाच पडून राहिला. शेवटी आचार्यांनी मृगांकाला दंडाला धरून उठवलं.

आचार्यांनी त्याच दिवशी सगळ्यांना जमवलं. "ही रीत आजपासून बंद," ते म्हणाले. काल 'शाबास' त्यांनीच म्हटलं होतं.

मृगांक उभा राहिला. "रीतीला कशाला दोष देता, आचार्य? रीत मुद्द्यांसाठी होती. माझ्यापुढे माणूस उभा होता."

त्यानंतर मृगांकानं कधी वाद केला नाही. तो तिथेच राहिला, म्हातारा झाला. कोणी मुलगा एखादा अवघड प्रश्न घेऊन आला, की तो आधी त्याला शेजारी बसवून घेई, त्याच्या चेहऱ्याकडे बघे आणि विचारी, "जेवलास का? घरी सगळी बरी आहेत ना?" कितीतरी पोरं तिथेच ढसाढसा रडत. त्यांची रडून मोकळी झालेली तोंडं बघून मृगांकाला समाधान वाटायचं म्हणाल, तर नाही. त्याला प्रत्येक वेळी तो पिंपळाचा पार आठवायचा.

बोध इतकाच: प्रश्नाला उत्तर देण्याआधी, प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावं.