पैलकाठचा अर्धा पूल

एका राज्यात, जिथे डोंगर ढगांच्याही वर डोकं काढून उभे होते आणि माणसं लामा नावाच्या लोकरी जनावरांच्या पाठीवर ओझी लादून हिंडत, युपान नावाचा राजा राज्य करीत होता. राज्याच्या मधोमध खोल दरी, दरीत वेडी नदी आणि नदीवर गवताचा झुलता पूल. दरवर्षी दोन्ही काठांची माणसं डोंगरगवत कापीत, दोर वळीत, जुना पूल नदीत सोडीत आणि नवा बांधीत. ऐलकाठाने मध्यापर्यंत विणायचं, पैलकाठाने मध्यापर्यंत विणायचं, आणि शेवटची गाठ दोघांच्या हातांनी मारायची, अशी रीत होती.

युपानला या दरसालच्या खटाटोपाचा वीट आला. त्याने पैलकाठच्या लोकांच्या कानांतली सोन्याची कुंडलं उतरवून घेतली, एक जादूगार बोलावला आणि सोन्याचा पूल टांगून घेतला. पैलकाठाला विचारलंसुद्धा नाही. राजाच तो, विचारील कशाला?

जादूगार म्हणाला, "महाराज, पूल टिकेल. पण अर्धा पूल ज्यांचा, त्यांना तुम्ही वगळलंत. त्यांच्या अर्ध्यात पाऊल टाकणारा मीठ होईल."

राजाला हसू आलं. त्याने मोठ्या हौसेने आपल्या मुलाला, आंकूला, पहिलं चालायला लावलं. आंकू मध्यापर्यंत गेला, एक पाऊल पुढे पडलं आणि तो मिठाचा पुतळा झाला.

आंकूची धाकटी बहीण चास्का काठावर बसून राहिली. तिला अन्न गोड लागेना. शिखरांवरचं बर्फ वितळू लागलं होतं, नदी फुगत होती आणि तिचे तुषार रोज थोडे वर चढत होते. ते पुलाला भिडले की भावाचं काय होणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

एके सकाळी कोंडोर नावाचं महागिधाड पुलाच्या खांबावर येऊन बसलं आणि बोललं, "राजकन्ये, हे सोनं नदीत पडेल तेव्हाच शाप तुटेल."

"पण माझा भाऊ त्या सोन्यावरच उभा आहे."

"म्हणून त्याच्या कमरेला दोर हवा. गवत प्यूमाच्या कुरणातलं आण. दोर डाव्या पिळाने वळ, मध्ये थांबू नकोस. आणि दुसरं टोक पैलकाठाच्या हाती दे. एकट्या तुमच्या काठाने धरला, तर तुझा भाऊ झोका घेऊन कड्यावर आपटेल आणि त्याचा चुरा होईल."

चास्का कुरणात गेली. प्यूमा, तो डोंगरातला सिंह, वाटेत आडवा पडला होता. तिने आधी मक्याचं मद्य धरणीला वाहिलं, मग विळा काढला. प्यूमा उठला आणि बाजूला झाला. पहिलं काम झालं.

ती दोर वळायला बसली. तळहातांची सालं निघाली, बोटं सुजली, तरी पीळ एकदाही उजवीकडे वळला नाही. दुसरंही काम झालं.

कोंडोरने दोर चोचीत धरला, आंकूच्या कमरेला वेढा घातला आणि टोक पैलकाठावर नेऊन टाकलं. तिथे सारी माणसं गोळा झाली होती. कोणीही वाकलं नाही. त्यांची म्होरकी माई उर्पी त्या टोकाकडे नुसती बघत राहिली.

तेवढ्यात तुषार पुलाला भिडले. आंकूची टाच पाघळू लागली.

राजा धावत आला आणि ओरडला, "माई उर्पी, दोर धर. तुमची कुंडलं दुपटीने परत करतो."

उर्पी म्हणाली, "सोनं नदीला दे, राजा. आम्हाला आमचा अर्धा पूल दे."

उभ्या जन्मात त्याने कोणाला अर्धं काही दिलं नव्हतं. आंकूची करंगळी विरघळून नदीत गेली.

"दिला," राजा पुटपुटला.

"पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही."

"दिला. चुकलो मी, माई."

उर्पी वाकली. तिने दोर उचलला. "मग कुऱ्हाड तुझ्याच हाती घे."

राजाने कुऱ्हाड उचलली, पण घाव घातला नाही. त्या लोकांनी दोर सोडून दिला तर? ज्यांच्या कानांतलं सोनं त्याने उतरवलं, त्यांच्याच हाती आता त्याचं पोर होतं. त्याने चास्काकडे पाहिलं. ऐलकाठची माणसं तिच्यासोबत दोर धरून पाय रोवून उभी होती आणि तीही घाबरली होती.

"तोडा, बाबा," ती म्हणाली.

घाव पडला. पूल कडाडला आणि सोनं खाली गेलं. चास्काच्या हातातला दोर सैल पडला. तिने डोळे मिटले. मग दोराला पलीकडून असा हिसका बसला की ती गुडघ्यांवर आली. पैलकाठ ओढत होता, बायका, म्हातारे, सगळे. दरीच्या मधोमध, पाण्यापासून हातभर उंच, एक ओला माणूस लोंबकळत होता आणि खोकत होता.

त्याला पैलकाठानेच वर घेतलं. उर्पीने आपली शाल त्याच्या अंगावर टाकली. ऐलकाठावर राजा मट्‌कन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्या साली गवताचा पूल पुन्हा बांधला गेला. शेवटची गाठ मारायला आंकू लंगडत मध्यावर आला आणि समोरून उर्पी आली. राजा युपान काठावर बायकांच्या रांगेत बसून दोर वळत होता. परतताना उर्पीने त्याचा दोर हातात घेऊन ताणून पाहिला.

"ढिला आहे," ती म्हणाली. "पुन्हा वळ."

राजाने मुकाट्याने पीळ सोडवला आणि पुन्हा वळायला घेतला.