मेलेल्या तरसाचं हसू

त्या माळावर भीती एकाच वाटेने येत असे, आणि ती वाट म्हणजे पूर्वेची खिंड. खिंडीपलीकडच्या गुहेत तरसांची टोळी राहायची. टोळीचा म्होरक्या हसला की टोळी निघे आणि आसपासच्या चारही माळांवर रक्त सांडे. म्हणून टिटवी दिवसभर खिंडीवर डोळ्यांत तेल घालून उभी असे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला ती जबडा उघडायला लावी आणि सुळे तपासल्याशिवाय कुणालाही आत सोडत नसे.

अखेर चारही माळांचे प्राणी एक झाले. गुहेत धूर कोंडला, म्होरक्या मेला, टोळीची दाणादाण उडाली. काय तो जल्लोष! टिटवीचा जीव भांड्यात पडला. त्या वर्षी तिने निर्धास्त मनाने चार अंडी घातली.

पण म्होरक्याचं हसणं पोपटांनी पाठ केलं होतं. ते झाडावरून झाडावर, या माळावरून त्या माळावर गेलं. त्याला ना गुहा लागे, ना खिंड. कुणी हिणवलेला जीव एकटा बसलेला दिसला, की ते त्याच्या कानाशी येई. मग पल्याडच्या माळावर एका शेळीने शेजारणीची करडं तुडवली. पाणवठ्यावर एका हरणाने दिसेल त्याच्या पोटात शिंगं खुपसली. टिटवीने हे ऐकलं आणि केलं काय, तर खिंडीवरचा पहारा दुप्पट केला. धन्य ती!

अंड्यांपाशी तिने शेजारच्या सशाला बसवलं. बिचारा गवत खाणारा. भित्रा म्हणून सगळ्या माळाने जन्मभर त्याची टर उडवलेली.

"ससेभाऊ, लक्ष ठेवा हं. तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही."

"जा ताई, खुशाल जा," ससा म्हणाला. "हल्ली मी कुणाला भीत नाही."

ऐकून टिटवीला बरंच वाटलं.

दुपारी ती परतली, तेव्हा चारही अंडी चिरडलेली होती. सशाचे पाय बलकाने माखले होते. त्याने खाल्लं काहीच नव्हतं. भूक नव्हतीच त्याला. त्याने मान वर केली आणि तो हसला. ते हसू टिटवीने तत्क्षणी ओळखलं.

ती जीव तोडून ओरडली. ओरडणं ऐकताच माळावरचा एकूण एक प्राणी धावत सुटला आणि शिंगं रोखून, खांद्याला खांदा लावून, खिंडीकडे तोंड करून उभा राहिला.