पक्षाचा कणा

अमेरिकेच्या दक्षिणेत एक लहानसं शहर होतं. तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीची मतं एकाच पक्षाला ठरलेली, आणि त्या पक्षाची उमेदवारी ठरलेली पुढारी पिकन्ससाहेबांच्या गोतावळ्याला. यंदा वस्तीतल्या लव्हिनियाबाईंनी नगरपरिषदेचं तिकीट मागितलं, तर ते गेलं साहेबांच्या जावयाला. त्या बापड्याला प्रचाराला येताना वस्तीचा रस्ता विचारत यावं लागलं!

चर्चच्या सभागृहात सभा भरली. लव्हिनियाबाई पहिल्या रांगेत धुमसत बसल्या होत्या. साहेब गहिवरून म्हणाले, "बंधुभगिनींनो, तुम्ही आमच्या पक्षाचा कणा आहात!"

लव्हिनियाबाई उठल्या. "साहेब, कणा असतो कुठे?"

"पाठीत."

"तरीच आम्ही कायम मागे!"

सभागृहात हशा पिकला. साहेब कसंनुसं हसले. "अहो, पण कण्याशिवाय आम्ही उभे तरी राहू का?"

"तेच म्हणते मी! यंदा हा कणा घरीच बसणार. बघू या, जावईबापू निवडणुकीला कसे उभे राहतात!"

सगळी वस्ती टाळ्या पिटू लागली. साहेबांनी घाम पुसला आणि तिथल्या तिथे लव्हिनियाबाईंची उमेदवारी जाहीर केली.

सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या जावईबापूंनी. त्यांना उभं करायची हौस सासऱ्याचीच होती.