काडीपाहणी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. डोंगराच्या उतरणीवरच्या एका गावाची माती वाहून गेली, आणि ती घालवली गावच्या म्हाताऱ्या पाटलानं. लोक पुढे पावसाला बोल लावत राहिले. पाऊस दरसालसारखाच पडला होता.

या गावात काडीपाहणीची रीत होती. पेरणीआधी पाटील आणि चार म्हातारे अनवाणी प्रत्येक रानातून फिरत. पायाला धसकट, पाचोळा, साधी गवताची काडी जरी लागली, तरी ती त्या शेतकऱ्यानं दातांत धरून गावभर हिंडायचं. मागून लोक बैलाला हाकारावं तसं हाकारत.

म्हणून सगळे सात-सात वेळा उभी-आडवी नांगरट करत. कुळवावर कुळव फिरवत. धसकटं वेचून जाळत. शेणाच्या गवऱ्या होत. चांगल्या रानात घाण कोण टाकणार? माती पिठासारखी झाली की म्हातारे माना डोलवत. पीक मात्र दरसाल थोडं कमीच यायचं. मग म्हातारे सांगत, "पुढच्या साली आठ वेळा नांगरा."

का, असं कुणी विचारलं तर म्हातारे त्याचं वय विचारत. तेवढ्यावर बोलणं संपे.

पाटलाची एकुलती लेक गावातच दिली होती. नवरा वारल्यावर ती एकटीच रान कसायची. ते रान पाटलाच्या रानाच्या वरच्या अंगाला होतं. एका साली तिचा बैल लंगडला, म्हणून तिनं एकदाच नांगरलं आणि धसकटं तशीच राहिली. त्या साली तिची ज्वारी गावात सगळ्यांत भरदार आली. मग ती मुद्दामच तसं करू लागली. वर शेणखत टाकी, पाचोळा पसरी. दोन पाहण्यांना तिनं काडी दातांत धरून फेरी मारली, घरी येऊन चूळ भरली आणि पुन्हा तेच केलं.

आता गाव पाटलालाच हसू लागलं. ते त्याला झोंबलं.

तिसऱ्या पाहणीला त्यानं लेकीच्या रानातून मूठभर काड्या उचलल्या. "हे काय गं?"

"मातीचं जेवण आहे, आबा."

"माती जेवते होय?"

"जेवते तर. हात घालून बघा. मग तुमच्या रानात घाला. तिथं एक गांडूळ दाखवलंत, तर मी आठ काय, दहा वेळा नांगरते."

एक म्हातारा फिसकन हसला. "पाटील, लेक शाळा घ्यायला लागली की तुमची!"

पाटलानं हात घातला. माती काळी, भुसभुशीत, आतून गार होती. बोटांना गांडुळं लागली. लहानपणी बापाच्या रानात अशीच माती होती, हे त्याला लख्ख आठवलं. लेक खरं बोलतेय, हे त्याला त्याच क्षणी कळलं. पण चार म्हातारे तोंडाकडे बघत उभे होते. त्यानं हात धोतराला पुसला.

"पेटवा," तो म्हणाला. "आणि सात वेळा नांगरा."

लेक आडवी आली. "आबा, वरून येणारं पाणी माझ्या रानात मुरतं, म्हणून तुमचा बांध शाबूत आहे. माझं रान उघडं केलंत, तर ते पाणी थेट तुमच्यावर येईल. माझ्यासाठी नका थांबू. स्वतःसाठी थांबा."

"चाळीस पेरण्या बघितल्यात मी!"

"एकच पेरणी चाळीस वेळा बघितलीत."

त्यांनी पेटवलंच. गावाच्या बैलजोड्या तीन दिवस फिरल्या. लेक बांधावर बसून बघत होती.

पावसाच्या दोन सरींतच त्या पिठासारख्या मातीवर खपली धरली. पाणी आत शिरेना. चौथ्या दिवशी भर दुपारी मोठा पाऊस आला, आणि पाणी लेकीच्या रानातून गढूळ लोंढा होऊन खाली सुटलं. पाटलाचा बांध फुटला. तो घोंगडं टाकून भगदाडात दगड रचत होता, दगडही गेले. त्याच्या डोळ्यांदेखत रान खरवडून निघालं आणि खालचा पिवळा मुरूम उघडा पडला. त्याच लोंढ्यानं गावाची खालची सगळी रानंही नेली.

"पोरी, काहीतरी कर गं!" तो वर बघून ओरडला.

लेकीच्या पायाखालीही मुरूमच उरला होता. "काय करू, आबा? अडवणारं जे होतं, ते तुम्ही जाळलंत."

त्याच आठवड्यात ती गुरं घेऊन नदीपलीकडे निघून गेली. चौघे म्हातारे "दैव" म्हणाले आणि आपापल्या जावयांकडे राहायला गेले. पाटील मागे राहिला. तो शेणाच्या पाट्या वाहून मुरमावर टाकू लागला. पण बोटभर माती व्हायला पिढ्या लागतात, आणि त्याच्याजवळ फार तर चार पावसाळे होते. त्यानं लेकीला तीनदा निरोप धाडला. एकाचंही उत्तर आलं नाही.

ध्यानात ठेवायचं ते इतकंच: मातीच्या तोंडचा घास जाळणाऱ्याला पुढे स्वतःच्या ताटात घास मिळत नाही, मग तो वयानं कितीही मोठा असो.

पाटलाचं बारा बिघे रान गेलं, आणि लेक पुन्हा त्याच्या दारात आली नाही.