काळी मेंढरं कुणी नेली?

पवळगडावर एकही काळं मेंढरू उरलं नव्हतं, आणि राजे भानरावांना काळंच घोंगडं हवं होतं. गादीवर बसले तेव्हा त्यांनी स्वतः पाच काळी आणि पाच पांढरी मेंढरं गडावर सोडली होती. तीस वर्षांनी वर येऊन पाहतात तो सगळा कळप पांढराफेक. संशय म्हाकू धनगरावर गेला, कारण संशय घ्यायला गडावर दुसरं कुणी नव्हतंच. आठ दिवसांत काळ्या मेंढरांचा चोर हजर करायचा, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळून गड उतरायचा, असा हुकूम झाला.

म्हाकूच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा उभा जन्म याच गडावर गेला होता. त्याची मुलगी लगमा मात्र आठव्या दिवशी मडकं घेऊन दरबारात गेली. मडक्यात वालाचे पंचवीस काळे आणि पंचवीस पांढरे दाणे होते, आणि ओटीत दोन्ही रंगांचे आणखी बरेच.

चोर कुठे आहे, असं राजांनी विचारलं.

"दावते की. आधी गडाचा कायदा सांगा, सरकार."

कायदा राजांचाच होता. टाक्यात पाणी दहा मेंढरांपुरतं, म्हणून दर दोन वर्षांनी आधी जन्मलेली दहा कोकरं ठेवायची आणि बाकी सारा कळप खाली धाडायचा. धनगर आवडीनिवडी करेल म्हणून रंग बघायचा नाही, असंही त्यांनीच बजावलं होतं.

"मग डोळं मिटा आन् दहा दाणं काढा."

सहा काळे निघाले, चार पांढरे. लगमाने मडकं रिकामं केलं आणि निघालेल्या प्रत्येक दाण्यामागे, जणू त्याची पाच कोकरं, असे त्याच रंगाचे पाच दाणे आत टाकले. राजांनी पुन्हा डोळे मिटले. या खेपेला पाच-पाच. मग सात काळे, मग आठ. प्रधानजी जांभया देऊ लागले. एकदा पांढरे दोनाचे तीन झाले, तेव्हा राजांना उगाच बरं वाटलं. पुढे एकच पांढरा निघाला, आणि त्याच्या पुढच्या खेपेला राजांच्या मुठीत दहाही काळे. आता मडक्यात एकही पांढरा दाणा पडणार नव्हता.

"पण गडावर तर पांढरी उरली आहेत. इथे उलटंच झालं," राजे म्हणाले.

"व्हय. पुन्यांदा काढलं तर पांढरंबी उरतील, त्याचा काय नेम न्हाई. पर सरकार, आता हे पांढरं दाणं कुणी इकून खाल्लं?"

राजांनी आपल्या मुठीकडे पाहिलं. दरबारात हसायला कुणी धजेना, म्हणून राजे स्वतःच आधी हसले, अगदी पोट धरून. मग त्यांनी लगमाला बक्षीस माग म्हणून सांगितलं.

तिने पाण्याची आणखी नऊ टाकी मागितली. "शंभर मेंढरं ऱ्हातील. मग कुठलाबी रंग असा चटकन संपायचा न्हाई."

राजांनी त्याच दिवशी पाथरवट कामाला लावले, टाकी भरल्यावर पन्नास काळी मेंढरं वर धाडली आणि गडाचा कळप कायमचा म्हाकूच्या घराण्याला देऊन टाकला.